शौलाचा पौल नेमका केला कुणी?

शेवगावकर
रविवारी चर्चमधल्या उपदेशात प्रेषित पौलाबद्दल पुन्हा तेच: "दिमिष्काच्या वाटेवर प्रभूने शौलाचा पौल केला." ऐकायला झकास, पण शास्त्रात हे कुठंय? शौलाला येशूचं दर्शन होतं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, अध्याय ९ मध्ये. त्याच अध्यायात दिमिष्कातला शिष्य हनन्या त्याला 'शौल भाऊ' म्हणतो. १३:२ (अध्याय १३, ओवी २) मध्ये तर पवित्र आत्माच त्याची आणि त्याच्या सोबत्याची 'बर्णबा व शौल' अशी नावं घेतो. 'पौल' पहिल्यांदा येतो १३:९ ला, कुप्र बेटावर, आणि तोही 'ज्याला पौलही म्हणत' एवढाच जाता जाता. अब्रामाला अब्राहाम हे नाव देव देतो, शिमोनाला पेत्र हे येशू. इथे बारसं कुणीच केलेलं नाही. माणूस तार्सचा, जन्मानेच रोमी नागरिक. शौल हे यहुदी नाव, पौल हे रोमी, दोन्ही आधीपासूनची. योहान-मार्काचं तसंच: योहान यहुदी, मार्क रोमी.

सांजवात
दोन नावं होती, मान्य. पण कृत्यांचा लेखक लूक नाव बदलतो ती जागा बघा ना! सुभेदार सिर्ग्य पौल समोर, जादूगार अलीम आडवा आलेला, आणि तिथेच 'पौल'. तोवर 'बर्णबा व शौल' असा क्रम, चार ओव्यांनी 'पौल व त्याचे सोबती'. पुढे 'शौल' फक्त तो स्वतः दर्शनाची आठवण सांगतो तेव्हा. पौलुस (पौलचंच लॅटिन रूप) म्हणजे लहान, आणि हाच माणूस करिंथकरांना लिहितो की प्रेषितांत मी कनिष्ठ. संत ऑगस्टीनने हा धागा जोडला तो उगाच नाही.

गिरगावचा_शंख्या
ऑगस्टीनबद्दल आदर आहे, पण हे जरा ओढूनताणून वाटतं. पौलुस हे रोमी खानदानांचं वंशपरंपरेचं नाव. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत पडलेला कॉन्सल एमिलियस पौलुसच होता. आडनाव लांडगे असलं म्हणून माणूस शेळ्या पळवत नाही. संत जेरोम तर सांगतो की सिर्ग्य पौलाला विश्वासात आणलं म्हणून ते नाव घेतलं, जिंकलेल्या मुलखाचं नाव सेनापतीने लावावं तसं. म्हणजे दोन संत आणि दोन कारणं!

सांजवात
बरं, मग याचं उत्तर द्या. दोन नावांपैकी कुठलं वापरायचं ते ऐकणाऱ्यानुसार बदलत असेल तर यरुशलेमेत परत 'शौल' व्हायला हवं होतं. पण अध्याय १५ मध्ये तिथल्या यहुदी वडिलांच्याच पत्रात आहे 'आमचे प्रिय बर्णबा व पौल'. तिथे रोमी नाव कशाला?

शेवगावकर
पत्र कुणाला लिहिलंय ते पाहा. अंत्युखिया, सूरिया आणि किलिकिया इथल्या परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या बांधवांना. ते त्याला पौल म्हणूनच ओळखत असणार. माझा मुद्दा तर इथे पक्काच होतो.

उत्तरा_क
नावाच्या अर्थापेक्षा ते कुठे चालतं, याकडे बघा. अध्याय २२ मध्ये चाबकाची तयारी झालेली असताना 'मी रोमी आहे' म्हटल्याबरोबर सरदार घाबरतो. तो म्हणतो, मी मोठी रक्कम देऊन हा नागरिकत्वाचा हक्क घेतला. पौल म्हणतो, मी जन्माचाच. या सरदाराचं नाव क्लौद्य लुसिया. 'क्लौद्य' बहुधा रोमी सम्राट क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत नागरिकत्व मिळालं म्हणून चिकटलेलं. म्हणजे रोमी नाव हे कागदपत्रासारखंच. नम्रतेशी त्याचा काय संबंध?

आणि नाव बदललं तरच मन बदललं, हे गृहीतक आलं कुठून? नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते नारायण वामनच राहिले. बाबा पदमनजींचंही तेच.

सांजवात
सोयीची उदाहरणं निवडलीत. नीळकंठशास्त्री गोऱ्हे बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या गोऱ्हे झाले, त्याचं काय? आणि नागरिकत्वाचं म्हणाल तर फिलिप्पै शहरात पौलाला आधी फटके आणि तुरुंग, 'आम्ही रोमी' हे दुसऱ्या दिवशी. कागद खिशात होताच की, मग आदल्या रात्री का नाही काढला? तुमच्या हिशेबात हे कुठे बसतं तेवढं सांगा.

गिरगावचा_शंख्या
गर्दी अंगावर आल्यावर कागद बघतो कोण? पण ते वेगळ्या धाग्यात घ्या, इथे नावाचं चाललंय.