मालवण: चिवल्यापासून चिवल्यापर्यंत किनाऱ्याने पायी फेरी होते का?

प्रश्न (पुण्याहून):
डिसेंबरात बाबांना घेऊन मालवणला येतोय. वय ७१, रोज तासभर चालतात, पण होडीत चढउतार आता झेपत नाही. म्हणून सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यावरूनच बघायचाय. चिवला बीचवरून निघून समुद्राच्या कडेकडेने गावाला वळसा घालता येईल का? किती वाजता निघावं?

मेढ्याची माहेरवाशीण:
नक्की येईल. पण घड्याळ नको, तिथी बघा. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे. तितक्या वाजता भरती, पुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. द्वादशी असेल तर बारा पाऊण नऊ: नऊला भरती, तीनला सुकती. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाज चुकत नाही.

सुकतीच्या दीड-दोन तास आधी चिवल्यावरून निघा. रॉक गार्डन, राजकोट किल्ला, मग आमच्या मेढ्यातून बंदराच्या धक्क्यावर. पुढे दांडीच्या वाळूतून मोरयाचा धोंडा. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत. इथे पूजा करून महाराजांनी १६६४ साली किल्ल्याचा पाया घातला. पाणी उतरलेलं असलं की धोंड्याशी निवांत उभं राहता येतं. बाबांना तिथे घाई करू नका, बाकी सगळं त्यासाठीच आहे. परत येताना बाजारपेठेतून, भरडावरून या. आणि सकाळी चिवल्यावर रापण, म्हणजे मासे धरायचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढत असले तर जरूर थांबा.

कुडाळकर:
एक कळकळीची विनंती. समोरच्या पद्मगड किल्ल्याकडे सुकतीत लोक चालत जातात, तुम्ही जाऊ नका. आम्ही गेलो आणि फोटो काढत बसलो. परतताना पाणी मांडीपर्यंत, खाली शेवाळलेले खडप, म्हणजे खडक. धाकटीला खांद्यावर घेऊन कसाबसा आलो.

प्रश्नकर्ता:
ताई, त्रयोदशीला जाऊन आलो. पावणेचारला धोंड्यापाशी पोचलो तेव्हा पाणी पार मागे गेलं होतं, खडपांच्या खळग्यांत तेवढं उरलेलं. बाबांनी चपला काढल्या, कोरलेल्या सूर्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तटाकडे बघत बसले. पद्मगडाकडे गेलो नाही. तुमचा हिशोब सांगितला तर म्हणाले, "पाऊणकीचा पाढा मला अजून पाठ आहे." दुसऱ्या दिवशीची वेळ त्यांनीच काढली: चौदा पाऊण साडेदहा, म्हणजे सुकती साडेचारला. आम्ही पुन्हा गेलो.