मिथाइलफेनिडेट सुरू केल्यावर दुष्परिणामांची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न (पालक, नाशिक):
माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडीसाठी (लक्ष न लागणे व अतिचंचलता यांचा विकार) मिथाइलफेनिडेट सुरू झाले असून मात्रा हळूहळू वाढवायची आहे. शाळेचा डबा तो जवळजवळ तसाच परत आणतो आणि संध्याकाळी क्षुल्लक कारणाने रडतो, चिडतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमके काही सांगता यावे यासाठी वहीत काय लिहावे?

उत्तर १ (एका मुलीची आई):
त्रासाइतकीच त्याची वेळही काटेकोरपणे लिहा. साध्या गोळीचा अंमल साधारण ३ ते ४ तास राहतो, तर दीर्घकाळ चालणाऱ्या प्रकारांचा ८ ते १२ तासांपर्यंत. त्यामुळे दुपारी मेलेली भूक आणि गोळीचा अंमल उतरताना होणारी चिडचिड या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांवरचे उपायही वेगळे असतात. नुसते ‘चिडतो’ असे लिहिले, तर मात्रा जास्त होते आहे की लवकर उतरते आहे, हे डॉक्टरांना कसे कळणार? गोळीची वेळ, जेवण, त्रास सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ आणि झोप लागल्याची वेळ, एवढे पुरे. अर्थात डबा न खाल्लेले मूल निव्वळ भुकेनेही चिडते. घरी येताच त्याला खायला देऊन काय फरक पडतो, तेही टिपून ठेवा.

उत्तर २ (स्वतः औषध घेणारा):
गोळीपूर्वी त्याची झोप, भूक आणि डोकेदुखी कशी होती, हे आठवून पहिल्या पानावर लिहा; नाहीतर जुन्या तक्रारीही औषधाच्या खात्यावर जमा होतात. मी अ‍ॅटोमोक्सेटिन घेतो. एडीएचडीच्या या दुसऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून माझी नोंद तासांची नसून आठवड्यांची असते.

उत्तर ३ (औषधविक्रेता):
वजन ठरावीक अंतराने त्याच काट्यावर करावे. उंची, नाडी आणि रक्तदाब डॉक्टर भेटीत तपासतातच. छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे किंवा नसलेले दिसणे-ऐकू येणे असे काही झाल्यास मात्र वहीत लिहून पुढच्या भेटीची वाट न पाहता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. आणखी एक व्यावहारिक बाब म्हणजे मिथाइलफेनिडेट अनुसूची ‘एक्स’मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या सरकारी यादीत येते, त्यासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक आम्हाला ठेवून घ्यावी लागते. म्हणून उरलेल्या गोळ्यांची संख्याही त्याच वहीत लिहीत जा, म्हणजे गोळ्या संपण्याआधीच डॉक्टरांची वेळ घेता येईल.