यूके टीव्ही लायसन्स (२०२५-२६): १७४.५० पौंड भरावेत की नाही? (मदत हवी आहे)

धागाकर्ती:
मंडळी, सल्ला हवा आहे. आम्ही जून २०२५ मध्ये पुण्याहून लेस्टरला आलो. नवरा, मी आणि चार वर्षांची लेक. फ्लॅट भाड्याचा. घरमालकाने भिंतीवर टीव्ही ठेवून दिलाय, पण त्याची एरियलची वायर कपाटामागे गुंडाळलेली आहे आणि आम्ही तिला आजवर हात लावलेला नाही. नेटफ्लिक्स (जाहिरातींवालं, महिना ५.९९) आणि यूट्यूबवरची बडबडगीतं, एवढ्यावर आमचं भागतं.

गेल्या आठवड्यात एक पत्र आलं. वर नाव नाही, नुसतं 'घरात राहणाऱ्यास'. या पत्त्यावर टीव्ही लायसन्स (टीव्ही बघण्याचा परवाना, त्याचे पैसे बीबीसीला जातात) नाही, म्हणे. वर्षाचे १७४.५० पौंड! नवरा म्हणतो, टीव्ही आपला नाही, घरमालकाचा आहे, सोड. मला मात्र रात्री झोप लागेना. व्हिसावर आहोत, उगाच भानगड नको.

त्यात ऑक्टोबरमध्ये सासूसासरे सहा महिन्यांसाठी येतायत. सासूबाईंना मालिका लागतात आणि सासऱ्यांना बातम्या नि क्रिकेट, तेही लाइव्हच. म्हणजे कायद्याने भरावे लागतील का, हा एक प्रश्न. आणि भरलेच तर ते वसूल होतात का, हा दुसरा. आजोबांच्या रेडिओचं लायसन्सचं पुस्तक होतं, ते दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, एवढंच मला या प्रकाराबद्दल माहीत. आपल्याकडे ते ऐंशीच्या दशकातच बंद झालं ना?

लेस्टरकर:
स्वागत आहे गावात. मिस्टरांना सांगा, टीव्ही कोणाच्या मालकीचा याला काही अर्थ नाही. टीव्ही भिंतीवर असण्यालाही लायसन्स लागत नाही, त्यावर काय बघता त्याला लागतं. कुठल्याही चॅनेलवर कार्यक्रम चालू असताना तो तेव्हाच बघितला किंवा रेकॉर्ड केला, की लायसन्स हवं. मग टीव्ही असो, लॅपटॉप असो की फोन. आणि आयप्लेअर हे बीबीसीचं कार्यक्रम बघण्याचं ॲप उघडलं, तर लाइव्ह असो की जुना कार्यक्रम, हवंच. आयप्लेअरवरच्या जुन्या कार्यक्रमांना आधी सूट होती, ती सप्टेंबर २०१६ मध्ये काढली.

नेटफ्लिक्सवरच्या मालिका-सिनेमांना आणि यूट्यूबच्या साध्या व्हिडिओंना लागत नाही. म्हणजे आजच्या घडीला तुम्ही काहीही चुकीचं करत नाही आहात. ऑनलाइन जाऊन 'आम्हाला गरज नाही' असं कळवून टाका, दोन वर्षं पत्रं थांबतात. कोणी दारात आलं तरी घाबरू नका. तुमच्या परवानगीशिवाय किंवा कोर्टाच्या वॉरंटशिवाय त्यांना आत येता येत नाही.

धागाकर्ती:
हुश्श. पण एक मिनिट, 'कुठल्याही चॅनेलवर'? सासूबाई ॲपवर झी मराठी लाइव्ह लावतात. त्यासाठीही बीबीसीला पैसे द्यायचे??

लेस्टरकर:
द्यायचे. मराठी असो, तमिळ असो, चॅनेल परदेशातलं असो, नियम तोच. मराठी बातम्यांचं चॅनेल यूट्यूबवर लाइव्ह लावलं तरी तेच. क्रिकेटचं तर आणखी मजेशीर आहे. भारताच्या मॅचसाठी स्पोर्ट्स चॅनेलचे पैसे वेगळे भरायचे आणि वर हे लायसन्स.

विचित्र वाटतं, पण हा सगळा जुना वारसा आहे. १९२२ मध्ये रेडिओसाठी वर्षाला दहा शिलिंगांचं लायसन्स सुरू झालं, १९४६ मध्ये टीव्हीसाठी दोन पौंडांचं. तेव्हा बघायला बीबीसीशिवाय दुसरं काही नव्हतंच, आयटीव्ही हे खासगी चॅनेल आलं १९५५ मध्ये. लायसन्स घ्यायचं ते प्रक्षेपण पकडण्याचं, आणि त्याचे पैसे जायचे बीबीसीला. पुढे शेकडो चॅनेलं आली, इंटरनेट आलं, पण ती गाठ कोणी सोडवली नाही.

मालिकेचा कालचा भाग आज ॲपवर लावून बघितला, तर मात्र लायसन्स लागत नाही.

वेल्सच्या काकू:
कायद्याचं झालं, आता वसुलीचं मी सांगते. आम्ही १९९४ पासून इथे आहोत आणि एकदाही चुकवलेलं नाही. भागाकार केलास तर दिवसाला ४८ पेन्सही पडत नाहीत. बिनजाहिरातीचं नेटफ्लिक्स महिना १२.९९, म्हणजे वर्षाला १५६ पौंडांच्या आसपास. लायसन्स त्याहून जेमतेम १९ पौंड जास्त, आणि त्यात पूर्ण घर येतं. माणसं कितीही असोत, टीव्ही कितीही असोत.

आणि तुझी लेक चार वर्षांची आहे ना? मग सीबीबीजसाठीच घे, बीबीसीचं छोट्या मुलांचं चॅनेल. मध्ये जाहिरात नाही, खेळण्यांचा मारा नाही, आणि संध्याकाळी सातला चॅनेल चक्क झोपी जातं. माझा मुलगा घरात फक्त मराठी बोलायचा. नर्सरीत घातला तेव्हा बाई म्हणाल्या, याला इंग्रजी येतं की! ते आम्ही शिकवलं नव्हतं, टीव्हीने शिकवलं होतं. वेल्श हेल सुद्धा तिथूनच आला असावा, माझा तर अजून सांगलीचाच आहे.

बिनलायसन्सी:
काकू, आदर आहे, पण मी सहा वर्षं एक पेनी भरलेली नाही, कायद्यात राहून. बीबीसीचा रेडिओ पूर्ण फुकट. रेडिओचं वेगळं लायसन्स १९७१ मध्येच गेलं. क्रिकेटची कॉमेंटरी कानात घालून मी भांडी घासतो, चित्राची गरज काय? एशियन नेटवर्क हे बीबीसीचं रेडिओ स्टेशन फुकट, बातम्यांची वेबसाइट फुकट, मुलांच्या अभ्यासाचं बाइटसाइझ फुकट. बीबीसी मराठी तर पुण्यात बसूनही फुकट वाचता येतं. मग हे १७४.५० नक्की कशाचे? आयप्लेअर आणि लाइव्ह बघण्याची हौस, एवढ्याचेच. ज्याला हौस नाही त्याने का भरावेत?

वेल्सच्या काकू:
भरू नकोस बाबा. पण तुझी ती कॉमेंटरी आमच्या पैशांवर चालते, एवढं भांडी घासताना लक्षात असू दे. :)

बिनलायसन्सी:
हे मान्य. पुढच्या वेळी भेटलो की चहा माझ्याकडून.
(तरीपण, ज्या गोष्टीसाठी एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो तिची तुलना नेटफ्लिक्सच्या वर्गणीशी करू नये असं माझं मत आहे. नेटफ्लिक्सचे पैसे थकले तर ते नेटफ्लिक्स बंद करतात, कोर्टात नेत नाहीत.)

म्युनिककर:
तुम्ही लोक नशीबवान आहात. आमच्याकडे जर्मनीत २०१३ पासून घरटी पट्टी आहे. टीव्ही बघा, नका बघू, घरात टीव्ही नसू दे, दरमहा १८.३६ युरो. पहिलं पत्र आलं तेव्हा आम्ही प्रामाणिकपणे कळवलं की घरात टीव्ही नाही. उत्तराचा मथितार्थ असा की, घर आहे ना? मग भरा.

लीड्सचा विद्यार्थी:
धाग्यात घुसतोय, माफी. आम्ही पाच मुलं एका घरात राहतो, प्रत्येकाचा खोलीचा करार वेगळा. एक लायसन्स सगळ्यांत वाटून घेता येईल का? आणि सीनियर म्हणाला की आईवडिलांच्या घराचं लायसन्स आपल्याला चालतं, ते खरं का?

लेस्टरकर:
करार सगळ्यांचा मिळून एकच असता तर एक पुरलं असतं. वेगवेगळे असतील तर ज्याला खोलीत लाइव्ह बघायचंय त्याने आपापलं घ्यायचं. सीनियर म्हणतो तो नियम खरा आहे, पण त्यात दोन अटी आहेत. फोन किंवा लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालला पाहिजे, बघताना भिंतीतल्या प्लगला लावलेला नको. आणि आईवडिलांच्या घराला लायसन्स हवं. तुझे आईवडील कुठे?

लीड्सचा विद्यार्थी:
नाशिकला.

लेस्टरकर:
मग झालं तर.

धागाकर्ती ताई, तुमचं आता गणित मांडू. घेणार असाल तर तीन गोष्टी. लायसन्स महिन्याच्या हिशोबाने धरतात, २८ तारखेला घेतलं तरी तो महिना आखाच्या आखा मोजला जातो. म्हणून १-२ तारखेला घ्या. दुसरं, डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप हप्ता कापणं) लावलंत तर पहिलं लायसन्स सहा महिन्यांत वसूल करतात, म्हणजे महिना साधारण २९ पौंड. 'साडेचौदा म्हणाले होते आणि दुप्पट कापले' म्हणून दचकू नका, वर्षाचे पैसे बारा महिन्यांत वाटून येणारा साडेचौदाचा हप्ता नंतर सुरू होतो. आणि तिसरं तुमच्या कामाचं. सासूसासरे परत गेल्यावर खरोखरच गरज उरली नाही, तर लायसन्स रद्द करून उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात. म्हणजे सहा महिन्यांचा खर्च ८७ पौंडांच्या आसपास.

मधला मार्ग मात्र काढू नका, म्हणजे गुपचूप लाइव्ह बघायचं आणि गरज नाही असं कळवायचं. हे प्रकरण मॅजिस्ट्रेट कोर्टात जातं, आणि उद्या आयएलआरचा (इथे कायम राहण्याच्या परवानगीचा) फॉर्म भरताना कोर्टाने केलेला दंड विचारतात. ८७ पौंडांसाठी तो घोर कशाला?

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री पुण्याला फोन लावला आणि सविस्तर विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथे तरी मी कुठे वेळेवर बघते? मालिका लागते तेव्हा माझी पोळ्यांची वेळ. दुसऱ्या दिवशी दुपारीच बघते मी." शिवाय आठची मालिका हिवाळ्यात इथे दुपारी अडीचला लागणार, तेव्हा लेकीला नर्सरीतून आणायला मी जाते, असं त्या म्हणाल्या. म्हणजे इतके दिवस मी ज्यांच्या नावाने काळजी करत होते, त्यांना लायसन्स लागतच नाही!

लागतं ते सासऱ्यांना. त्यांना कालची बातमी आज नको आणि मॅचचा निकाल कळल्यावर मॅच नको. स्पोर्ट्स चॅनेलचे वेगळे पैसे ऐकून ते जरा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, बातम्या तरी लाव, क्रिकेट मी त्या भांडी घासणाऱ्या मुलासारखं रेडिओवर ऐकीन. (हो, धागा वाचून दाखवला त्यांना.)

तर ऑक्टोबरच्या १ तारखेला घेतेय. सहा महिने सीबीबीज लेकीच्या किती पचनी पडतं ते बघते आणि एप्रिलमध्ये ठेवायचं की रद्द करायचं ते ठरवते. आज 'गरज नाही' असं कळवूनही टाकलं, १ तारखेपर्यंत तेच खरं आहे.

एकच शंका उरली. सासरे म्हणतात की पैसे तेच देणार, पण ऑनलाइन नको, स्वतः जाऊन रोख भरणार आणि पावती घेणार. पोस्टात भरतात का इथे?

लेस्टरकर:
पोस्टात नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात पेपॉइंटची (बिलं भरण्याच्या सोयीची) पाटी असेल तिथे रोख घेतात, पावतीही देतात. आमच्या भागातलं दुकान गुजराती काकांचं आहे, सासऱ्यांचा तासभर तरी तिथेच जाईल.