पॅरा एसएफमधून पेन्शनवर येतोय, सोलापुरातच राहायचंय, काम कुठलं बघू?

मोहोळचा फौजी:
नमस्कार मंडळी. मूळचा मोहोळ तालुक्यातला, आता घर विजापूर रोडला आहे. पॅरा एसएफमध्ये, म्हणजे लष्कराच्या स्पेशल फोर्सेसमध्ये, हवालदार आहे, २४ वर्षं सर्व्हिस करून पुढच्या वर्षी पेन्शनवर येतोय. शिक्षण बारावी, तेही भरतीच्या आधीचं. पोरगी अकरावीला, पोरगा सातवीत, म्हणजे खर्चाची खरी वर्षं आता लागणार, आणि पेन्शन शेवटच्या बेसिक आणि एमएसपीच्या (मिलिटरी सर्व्हिस पे) निम्मी, आम्हाला जो स्पेशल फोर्सेसचा भत्ता मिळतो तो पेन्शनला धरत नाहीत त्यामुळं घरात येणारा पैसा एकदम खाली येणार हे सरळ दिसायलंय.

सुट्टीवर आलो की ओळखीचे लोक एकच सांगतात, पुण्यात एजन्सी आहे, कमांडो म्हटलं की लगेच घेतात, काळे कपडे घालून बिल्डरच्या नाहीतर नेत्याच्या मागं उभं राहायचं. एकानं जहाजावर गार्ड म्हणून जायचं सुचवलं, पगार डॉलरमध्ये. मला कुठल्या कामाची लाज नाही, पण इतकी वर्षं मी टीम घेऊन फिरलोय, प्लॅनिंग केलंय, रेडिओ सांभाळलाय, जखमी पोरगं डॉक्टरपर्यंत जिवंत नेलंय, नवीन पोरं तयार केलीत. बायोडाटा लिहायला बसलो की हे कसं मांडायचं तेच कळत नाही, बरंचसं सांगता येत नाही आणि जे सांगता येतं ते समोरच्याला समजत नाही. एका ठिकाणी सहज भेटायला गेलो तर पहिला प्रश्न, किती अतिरेकी मारले? याचं उत्तर मी घरीसुद्धा कधी दिलेलं नाही.

आई इथं आहे, तिचं वय झालंय, सोलापूर सोडायची इच्छा नाही. कुणी यातून गेलं असेल तर मनापासून सांगा.

बार्शीचा सुभेदार:
जय हिंद मेजर. मी इन्फंट्रीचा, एसएफचा नाही, पण पेन्शनचा रस्ता सगळ्यांचा सारखाच आहे म्हणून लिहितोय. पहिली गोष्ट, अजून वर्ष हातात आहे ते वाया घालवू नका. डीजीआर म्हणजे फौजींच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं, त्याचे रिसेटलमेंट कोर्स सर्व्हिसमध्ये असतानाच मिळतात, जवान आणि जेसीओंची (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) फी सरकार भरतं. आजच युनिटमध्ये हेड क्लार्कला धरा आणि नाव लावा, कारण शेवटच्या महिन्यांत क्लिअरन्सच्या धावपळीत हे राहून जातं. कोर्स निवडताना कुठला सोपा आहे ते बघू नका, सोलापुरात कुठल्या सर्टिफिकेटवर काम मिळेल ते बघा.

घरी आल्यावर डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) घेऊन सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा, पुढचं सगळं त्याच कार्डावर चालतं. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्रात गट क ला १० टक्के, सरकारी बँकांत क्लार्क वगैरेंना साडेचौदा. वयाची चिंता नको, सर्व्हिसची वर्षं वजा होतात आणि वर ३ वर्षं मिळतात, म्हणजे तुमचं वय फॉर्मवर पंचविशीच्या आत येतं. दहावीवर १५ वर्षं सर्व्हिस झालेली असली की केंद्राच्या गट क मधल्या बऱ्याच पदांना, जिथं टेक्निकल काही लागत नाही तिथं, पदवीधर धरतात. आमच्या तालुक्यात किती तरी फौजी तलाठी, लिपिक, बँकेत लागलेत. पण त्यासाठी परत अभ्यासाला बसावं लागतं, एमएस-सीआयटी लागतं, लिपिकाला मराठी ३० इंग्रजी ४० टायपिंग लागतं. हे सगळं सुट्टीत सुरू करता येतं.

आणि एक जे कुणी आधी सांगत नाही. हे आरक्षण वापरून सरकारी नोकरीत रुजू झालात की तो हक्क बहुतेक तिथंच संपतो. त्यामुळं पहिली हाती लागली म्हणून कुठलीही शिपायाची जागा धरू नका. रुजू होण्याआधी दुसरीकडं अर्ज केलेले असतील तर ते लेखी कळवून ठेवा, केंद्रात त्याची सोय आहे. खासगी किंवा कंत्राटी कामानं हा हक्क जात नाही. मेस्को या माजी सैनिकांच्या सरकारी महामंडळातर्फेसुद्धा गार्ड, सुपरवायझरची कामं मिळतात. डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, लष्करी ठिकाणांची सुरक्षा) परत भरती होता येतं पण पोस्टिंग देशात कुठंही, तुम्हाला आईजवळ राहायचंय म्हणून ते मी सुचवत नाही.

एचआर चिंचोळी:
दादा, मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआर बघते, फौजेतून आलेल्या लोकांचे बायोडाटे माझ्याकडं नेहमी येतात म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुमच्यासारख्यांच्या कागदावर वरती मोठ्या अक्षरात कमांडो आणि खाली कोर्सची नावं असतात, कॉम्बॅट फ्री फॉल, डेमोलिशन, स्नायपर. वाचणारा मॅनेजर त्यावर गार्ड म्हणून शिक्का मारतो आणि फाईल सिक्युरिटीच्या कंत्राटदाराकडं पाठवतो. त्याचं मन वाईट नसतं, त्याला दुसरं काही दिसलेलंच नसतं. म्हणून कोर्सचं नाव मागं टाका आणि तुम्ही रोज काय करत होता ते आमच्या कामाच्या शब्दांत पुढं आणा. किती माणसं तुमच्या हाताखाली होती, किती सामानाची जबाबदारी तुमच्या सहीवर होती, किती जणांना ट्रेनिंग दिलं, प्रत्येक कामाआधी धोका कसा मांडायचात आणि काम झाल्यावर बसून काय चुकलं ते कसं काढायचात. हे शेवटचं आमच्याकडं फार कमी लोकांना येतं. अपघात झाला की दोष कुणाचा यावरच सगळी ताकद जाते, का झाला ते तसंच राहतं.

ऑपरेशन कुठं, कधी, कुणाबरोबर यातलं काहीही लिहू नका, गोपनीयतेचा कायदा पेन्शननंतरही लागू असतो आणि आम्हाला त्याची गरजही नाही. किती मारले असं कुणी विचारलं तर शांतपणे सांगा, त्याबद्दल बोलता येत नाही, पण मी टीम कशी चालवायचो ते सांगतो, आणि लगेच ते सांगायला लागा. समोरचा चांगला असेल तर त्यालाच आपला प्रश्न खटकेल.

आता काम कुठलं. मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ माणसं गेली, ते सोलापुरात कुणीच विसरलेलं नाही. कापूस, सूत, टॉवेल, सगळा पेटणारा माल, आणि कित्येक ठिकाणी माणसं कारखान्याच्या आवारातच राहतात. मला अशा ठिकाणी तो माणूस हवाय जो रात्री दोन वाजता अलार्म झाला तर गोंधळत नाही, ज्यानं आधीच बघून ठेवलंय की मागचं दार मालानं अडलंय, जो पाळीवरच्या पोरांना मॉक ड्रिल खरंखुरं करायला लावतो. त्यासाठी तुमच्याइतका तयार माणूस मला बाजारात मिळत नाही, हे मी तोंडदेखलं बोलत नाहीये.

पण अडचणही सांगते. कायद्याप्रमाणे जो सेफ्टी ऑफिसर लागतो त्याला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा सायन्सची पदवी, अनुभव आणि वर इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा लागतो, बारावीवर ते पद मिळत नाही, आणि कुठली खासगी संस्था लाखभर फी घेऊन तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्याच्या खालचं मात्र मिळतं, सेफ्टी सुपरवायझर, फायर आणि इमर्जन्सी टीमचा इन्चार्ज, फर्स्ट एड ट्रेनर. सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचं फर्स्ट एडचं सर्टिफिकेट आणि डीजीआरमधून फायर-सेफ्टीचा कोर्स, एवढं घेऊन या आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठात पदवीला नाव घाला. पगार सुरुवातीला तुम्हाला कमी वाटेल, पण वाढत जातो, गार्डच्या कामात तो तिथंच राहतो.

होटगी रोडचा सेलर:
जहाजाच्या कामाबद्दल लिहितो, मी मर्चंट नेव्हीत आहे. कामं खरी असतात, चांगल्या कंपन्याही आहेत, पण २०१३ चं सीमन गार्ड ओहायोचं प्रकरण आधी माहिती करून घ्या. तुतिकोरीनजवळ ते जहाज पकडलं, आत हत्यारं होती, ३५ जण अटकेत, त्यात आपले भारतीय होते आणि ब्रिटिश माजी सैनिकही. सगळे नोकरीवर गेलेले लोक. २०१६ ला ५ वर्षांची शिक्षा लागली आणि २०१७ ला मद्रास हायकोर्टानं निर्दोष सोडलं. मधली वर्षं कोण परत देणार? हत्यारांचे कागद कंपनीच्या हातात असतात आणि भोगतो गार्ड. जायचंच असेल तर करार वकिलाला दाखवा. आखातात जमिनीवरचं काम असेल तर एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा, आधी पैसे मागितले की तिथून उठा.

भरतीवाला सर:
भावा, अकॅडमी काढायचं कुणी सुचवलं नाही अजून म्हणून मी सुचवतो, पण लगेच नको. सोलापूर जिल्ह्यात पोलीस भरती आणि अग्निवीरची पोरं भरपूर आहेत, पॅराचा माणूस म्हटलं की गर्दी होईल. मात्र एसएफची ट्रेनिंग त्यांना चालत नाही, पोलीस भरतीला १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक आणि लेखीचे १०० मार्क पाहिजेत, पहिल्याच महिन्यात जास्त पळवलं की नडगी दुखून पोरं घरी बसतात. एखाद्या चालू अकॅडमीत वर्षभर शिकवून बघ, मग जागा भाड्यानं घे.

फौजीची बायको:
दादा, माझे मिस्टरही तुमच्यासारखेच, पॅराचे. नोकरीचं सगळ्यांनी सांगितलं म्हणून मी बाकीचं सांगते. डिस्चार्जच्या आधी रिलीज मेडिकल बोर्ड होतं ना, तिथं काही नाही साहेब, फिट आहे, असं म्हणू नका. तुम्हा लोकांना दुखणं सांगायची सवय नसते. उड्या मारून गुडघे, कंबर गेलेली असते, स्फोटांनी कान गेलेला असतो, टीव्हीचा आवाज पोरं कमी करतात आणि हे परत वाढवतात. बोर्डात जे लिहिलं जाईल त्यावरच पुढचं ठरतं, सर्व्हिसमुळं २० टक्के किंवा जास्त अपंगत्व धरलं तर पेन्शनला त्याचा वेगळा भाग लागतो. नंतर सिद्ध करायला अपिलं करत बसावं लागतं. झोप लागत नसेल तर तेही सांगा. सोलापुरात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक आहे, कार्ड तुमच्याबरोबर वहिनी, मुलं आणि आईचंही काढा.

घरी आल्यावर पहिले काही महिने यांना बसवत नव्हतं. पहाटे चारला उठून घर आवरायचे, पोरांना शिस्त लावायला गेले तर पोरगी बोलेना, कारण इतकी वर्षं घर मी चालवलेलं, तिला माझी पद्धत माहीत. यांना वाटायचं घरात आपली गरजच नाही. तेवढ्यापायी मिळेल ती नोकरी धरून मुंबईला जायला निघाले होते. मी म्हटलं सहा महिने थांबा, पेन्शन सुरू आहे, चूल पेटतेय. थांबले ते बरं झालं. वहिनींशी आत्ताच बोला, घरात कुठलं काम तुमचं ते दोघांनी ठरवा. आणि आपल्या जुन्या टीममधल्या लोकांशी फोन तोडू नका, जे मला सांगता येत नाही ते त्यांना सांगतात आणि त्या दिवशी जेवण नीट होतं.

मोहोळचा फौजी:
सगळ्यांचे आभार. ताईंचं वाचून बायकोला फोन केला, ती म्हणाली हेच मी तीन वर्षं सांगतेय. मेडिकल बोर्डाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, उजव्या कानाचं खरंच आहे. जहाज आणि पुण्याची एजन्सी दोन्ही सोडून देतो. डीजीआरला फायर-सेफ्टीसाठी अर्ज टाकतो, बरोबर बँकेच्या क्लार्कचा अभ्यास. एचआर मॅडम, बायोडाटा परत लिहून इथंच टाकू का? आणि सुभेदारसाहेब, पेन्शन विकावी का? भाऊ म्हणतोय एकरकमी घेऊन प्लॉट घे.

एचआर चिंचोळी:
टाका दादा, नाव, नंबर, युनिट काढून टाका. मराठीत लिहा आधी, इंग्रजी मी करून देते.

बार्शीचा सुभेदार:
निम्म्यापर्यंत विकता येते आणि विकलेला भाग १५ वर्षांनी पेन्शनमध्ये परत मिळायला लागतो. घराचं कर्ज असेल तर ते फेडायला विका, प्लॉटसाठी नको, पोरगीची दोन वर्षांत कॉलेजची फी येतेय. आणि फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर स्वतःचा मोबाईल नंबर, बायकोचं नाव, जन्मतारीख डिस्चार्जच्या आधीच तपासून घ्या. एका अक्षराचा फरक असला तरी नंतर फॅमिली पेन्शनला बायकोला हेलपाटे पडतात.