मदत हवी आहे: बाहा बग्गीच्या मागच्या स्प्रिंगचा रेट (कडकपणा)

आमच्या कॉलेजची बाहा (विद्यार्थ्यांची ऑफ-रोड स्पर्धा) बग्गी आहे, ड्रायव्हर धरून 260 किलो, त्यातलं 60 टक्के वजन मागे. मागे ट्रेलिंग आर्म (चाक धरणारा, पुढच्या टोकाला बिजागरी असलेला दांडा), मोशन रेशो 0.65 (चाक 1 मिमी हललं की शॉक 0.65 मिमी दबतो), चाकाचा ट्रॅव्हल 200 मिमी. अनस्प्रंग वजन (चाकं वगैरे, जे स्प्रिंगवर येत नाही) वजा केल्यावर मागे एका बाजूला साधारण 60 किलो उरतं, गाडी वर-खाली डोलण्याची वारंवारता 2 हर्ट्झ धरून स्प्रिंग 22 न्यूटन प्रति मिमी आली, तीच बसवलीय. सॅगही (स्वतःच्या वजनाने चाकाशी होणारी दब) बरोबर, 60-62 मिमी.

पण जंपवरून उतरली की मागे खाडकन बॉटम होते (सस्पेन्शन पूर्ण दबून आपटतं), बंप स्टॉपचं (शेवटी धक्का झेलणारं) रबर पार चिरलंय. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवून पाहिला तर गाडी नुसती उंच झाली आणि ड्रूप (चाक खाली जायची जागा) गेला, बॉटमिंग आहे तसंच (होणारच, रेट थोडाच बदलतो). टायरमधली हवा कमी-जास्त करून काही फरक नाही. कॉइल बाइंड नाहीये, पूर्ण दाबल्यावरही वेढ्यांमधे फट राहते, ते तपासलंय.

आता सरळ 28 ची स्प्रिंग वळून घ्यावी, की 40 आणि 50 एकावर एक बसवून मधे क्रॉसओव्हर रिंग (ठराविक दबीनंतर 40 ची स्प्रिंग थांबवणारी कडी), म्हणजे सुरुवातीला 22 च मिळेल आणि रिंग टेकली की 50? अडचण अशी की शॉकला रिबाउंड (दबल्यावर परत उसळण्याचा वेग) अ‍ॅडजस्टमेंट नाही, नवीन शॉकचं बजेटही नाही, त्यामुळे 28 टाकली तर खड्ड्यांवर मागचा भाग उडेल अशी भीती वाटते. एअर शॉक सुचवू नका प्लीज.

ड्युअल रेट (वरची दोन स्प्रिंगची रचना) कोणी वापरलंय का, आणि शॉकच्या 130 मिमी स्ट्रोकमधे रिंग साधारण कितव्या मिमीला टेकवली?