रोझेनवाल्ड शाळा: जोडनिधीचा भार कोणावर पडला?

जोडनिधी म्हणजे लोकांनीही आपला वाटा घालावा या अटीवर दिलेली देणगी. 'समाजाने स्वतःचा वाटा उचलला की देणगी टिकते' असं तिच्या बाजूने म्हटलं जातं, पण हे मत अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योगपती ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्या योजनेतून १९३२पर्यंत १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. खर्च साधारण २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख, कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे ४७ लाख, बाकी बहुतेक सरकारी करांतून. गावकरी जमीन, लाकूड, मजुरीही देत. म्हणजे कर भरूनही शाळेसाठी पुन्हा खिशात हात, आणि त्याच करातून गोऱ्या मुलांच्या शाळांना कितीतरी जास्त मिळे. हा अन्याय जोडनिधीच्या हिशेबात दिसतच नाही.

एक अट मात्र फार मोलाची होती: जमीन आणि इमारत सरकारी शाळा मंडळाच्या नावावर. त्यामुळे शाळा चालवायची जबाबदारी मंडळाला टाळता येईना. नकाशेही विचारपूर्वक केलेले. वीज नसलेल्या गावांत मोठ्या खिडक्यांची रांग पूर्वेला किंवा पश्चिमेला, बाकं अशी की उजेड डावीकडून यावा. उजव्या हाताची सावली पाटीवर पडत नाही.

आज जोडनिधी ठेवायचाच असेल तर श्रम आणि जमिनीची किंमत लोकांच्या वाट्यात धरा, आणि रोख वाटा सरकारकडून आधी लेखी घ्या.