कीचक म्हणावं की कन्या?

(फोंडा)
पुढच्या आठवड्यात शाळेची सहल जुन्या गोव्याला नेतोय. मुलांसाठी चार पानांचं मराठी माहितीपत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 1605 साली पुरी झालेली बॉम जीझसची इगर्ज, म्हणजे चर्च, आली की घोडं अडतं. तिथं दक्षिणेच्या भिंतीतून पुढे आलेलं कोरीव लाकडी पुलपिट आहे, म्हणजे पाद्री प्रवचन देतो तो उंच सज्जा. कठड्यावर येशू, चार शुभवर्तमानकार, चार धर्माचार्य. आणि अगदी तळाशी सात आकृत्या, जणू सगळा डोलारा त्यांनीच उचलून धरलाय. या सात जणांना मराठीत काय म्हणायचं? इंग्रजीत बाईला कॅरिअटिड, बाप्याला अ‍ॅटलांट. मी 'मानवाकृती आधारस्तंभ' लिहिलं, तर आमचे हे म्हणाले, "आधारस्तंभ चौकातल्या फ्लेक्सवर असतात, वाढदिवसाच्या." तेव्हापासून तो शब्द लिहवत नाही. 'भारवाहक' लिहिलं की मडगाव स्टेशनवरचे हमाल डोळ्यांपुढे येतात.

(म्हापसा)
ताई, शब्द आहे की आपल्याकडे. कीचक! जुन्या दगडी देवळांत खांबाचं डोकं आणि तुळई यांच्या मध्ये बसलेला तो ढेरपोट्या पाहिलाय ना? गुडघे दुमडलेले, मान खांद्यांत गेलेली, हात वर टेकवलेले, डोळे बटबटीत. एखादा तर दात विचकून असा बघतो की 'लवकर दर्शन घ्या नि निघा, मला पेलवत नाही'. देवळं बघत हिंडणारा कुठलाही मराठी माणूस त्याला कीचकच म्हणतो.

नाव कुठून आलं असेल? विराटपर्वात भीमाने कीचकाचे हात, पाय, मुंडकं सगळं धडात कोंबून त्याचा गोळा केला होता. खांबावरचा तो चेपलेला गडी बघा आणि ही गोष्ट आठवा. व्युत्पत्ती म्हणून छातीठोक सांगत नाही, पण डोळ्यांना पटते. नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन नंबरचं लेणं आहे, गौतमीपुत्राचं म्हणतात ते. त्याच्या ओसरीखाली असेच सहा जाडजूड यक्ष अर्धे जमिनीतून वर आलेत आणि ओसरीच्या तुळया त्यांच्या खांद्यांवर आहेत.

(वेंगुर्ला)
म्हापसेकर, कीचक पुरुषांना ठीक. पण संस्कृतात कीचक म्हणजे आधी पोकळ वेळू, वाऱ्याने वाजणारा, हेही लक्षात असू द्या. आणि अथेन्सच्या त्या बायांना तुम्ही कीचक म्हणणार? इरेक्थिऑन नावाचं देऊळ आहे, इसवी सनापूर्वी 421 ते 406 या काळात बांधलेलं. त्याच्या दक्षिण ओसरीचं छत सहा मुलींच्या डोक्यांवर आहे. एकीच्याही चेहऱ्यावर आठी नाही. विहिरीवरून दोन हंडे घेऊन येणारी आपली बाई कशी ताठ, सहज चालते, तशा उभ्या आहेत. एक गुडघा किंचित वाकलेला, आणि ज्या पायावर भार आहे त्याच्यावरून वस्त्राच्या चुण्या सरळ खाली, खांबाच्या खाचांसारख्या. दगडात माणसाची मान म्हणजे नेमकी कच्ची जागा. तिथं मूर्तिकाराने काय केलंय? पाठीवर जाड शेपटे सोडलेत. केसही दिसतात आणि मानेला जाडीही मिळते. मला तर सगळ्यात आवडतात ते शेपटेच.

'कॅरिअटिड' शब्दाची गोष्ट मात्र कडू आहे. रोमन वास्तुकार विट्रुव्हिअस सांगतो की कॅरिए गावाने इराण्यांची बाजू घेतली, ग्रीकांनी गाव मोडलं, बायका दासी केल्या आणि शिक्षा म्हणून त्यांना दगडात ओझं वाहत उभं केलं. पण तो लिहितोय त्या सहा जणींनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. खुद्द इरेक्थिऑनच्या बांधकामाच्या शिलालेखात त्यांचा उल्लेख नुसता 'कन्या' असा आहे. मग आपण शिक्षेचं नाव का घ्यायचं? स्तंभकन्या म्हणा. (त्यांतली एक लंडनला आहे, पाच अथेन्सच्या संग्रहालयात. ओसरीत आता नकला उभ्या आहेत.)

(म्हापसा)
मग शालभंजिका का नको? तयार शब्द आहे, बाईचाच.

(वेंगुर्ला)
नको. ती झाडाची फांदी धरून झुलणारी. सांचीच्या तोरणात कोपऱ्यात तिरकी लटकलेली असते, भार कसला घेते? तिथंच पश्चिमेच्या तोरणावर ठेंगणे यक्ष आहेत, ओझं त्यांच्यावर.

(साखळी)
मी मेस्त, म्हणजे सुतार. शब्दांतलं तुम्ही बघा, मी लाकडातलं सांगतो. आमची परीक्षा सोपी: मूर्ती काढून घेतली तर वरचं खाली येतं का? येत असेल तर तो खांब, नसेल तर ती नक्षी. पुलपिट भिंतीतून पुढे आलेलं असतं. खाली कोण हात लावून उभं आहे त्याला आम्ही टेकू म्हणू, तोही दाखवण्यापुरता.

खरा भार बघायचा असेल तर 17व्या शतकातली गोव्याची कोंतादोर बघा, ती पुष्कळ खणांची कपाटं. कितींच्या पायांच्या जागी नागिणी कोरल्यात. वर बाई, खाली शेपूट. भरलेल्या कपाटाचं वजन त्यांच्यावरच. एक तुटली तर कपाट कलंडणार. अशा जुन्या कपाटाचा पाय एकदा माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. नाक पार झिजलेलं, वेटोळं मात्र शाबूत. गिऱ्हाईक म्हणालं, मेस्ता, सरळ गोल पाय लावून टाक. मी लावला नाही. दोन आठवडे बसून नाक केलं, जरा मोठंच झालं.

(फोंडा)
मेस्तबाब, तुमच्या परीक्षेने माझं काम वाढवलंत! म्हणजे तीन शब्द लागणार. दात विचकून पेलतो तो कीचक. ताठ उभी, ती स्तंभकन्या. पुलपिटाखालच्या सात जणांना यांतलं काहीच नीट बसत नाही, म्हणून 'टेकू दिल्यासारख्या सात आकृत्या' असं साधंच लिहिलं. खाली मुलांना प्रश्न टाकलाय: या काढल्या तर पुलपिट पडेल का?

(म्हापसा)
टाका, टाका. पण एखादा कार्टा हलवून बघेल हो. रांगेत सगळ्यात पुढे मास्तरांना उभं करा.